ड्यूररचे सप्तर्षी उलटे का?



‘तुझी पीएचडी नेमकी कशावर?’ असं कुणी विचारलं की मी हल्ली एका वाक्यात सांगते: जुन्या तारानकाशांतल्या चित्रांवर. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘म्हणजे ज्योतिष का?’ नाही हो. आज ज्या चित्राबद्दल लिहिणार आहे, त्याच्यावर माझं एक अख्खं प्रकरण आहे. त्या प्रकरणात मी एक वाक्य अगदी आत्मविश्वासाने लिहिलं होतं, आणि त्या वाक्याचा अर्थ मला एका सातवीतल्या मुलीने शिकवला. तिथूनच सुरुवात करते.

एप्रिलमधली अमावास्येच्या आसपासची रात्र. जुन्नरच्या बाजूला एका माळावर शाळेतल्या मुलांना आकाश दाखवायचं होतं. नेहमीचे छापील नकाशे द्यायच्या ऐवजी मी हौसेने अल्ब्रेख्त ड्यूररच्या 1515 सालच्या उत्तर आकाशाच्या नकाशाच्या झेरॉक्स काढून नेल्या. म्हटलं, मुलांना तारेही कळतील आणि एक थोर चित्रही हातात पडेल. कागद वाचवायला चित्राचे चारही कोपरे कापून फक्त मधलं वर्तुळ ठेवलं होतं. रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून सगळे उभे राहिलो. सप्तर्षी छान वर आलेले. डावीकडे चौकोन, उजवीकडे शेपूट. लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात मुलं कागद फिरवून फिरवून बघत होती. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “ताई, कागदावर शेपूट डावीकडे आहे. कागद कसाही फिरवला तरी जुळत नाही.”

खरंच जुळत नव्हतं. जुळणारच नव्हतं. कारण तो नकाशा आकाशाचं आरशातलं प्रतिबिंब आहे.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. प्रबंधात मी लिहिलंच होतं, ‘हा नकाशा बाह्य दृष्टिकोनातून रेखाटलेला आहे.’ पण त्याआधी डिसेंबरात गच्चीवर हाच कागद मी शर्मिष्ठेशी ताडून पाहिला होता आणि तेव्हा काही खटकलं नव्हतं. कारण सोपं आहे. शर्मिष्ठेचा आकार इंग्रजी एम अक्षरासारखा, आणि एम आरशात पाहिला तरी साधारण एमच दिसतो. सप्तर्षींचं तसं नाही. त्यांना शेपूट आहे, आणि शेपटीला बाजू असते.

घरी आल्यावर प्रश्न डोक्यात राहिला. ज्या चित्राला मी ‘महान’ म्हणते, ते रात्री आकाशाखाली उभ्या असलेल्या माणसाच्या उपयोगाचंच नसेल, तर मी नेमकं कशाला महान म्हणते?

आधी चित्र बघू

मूळ कागद मी पाहिलेला नाही, संग्रहालयांनी दिलेल्या स्कॅनवरच माझं काम चालतं. चित्र साधारण दीड फूट लांबी-रुंदीचं, लाकडी ठशावरून छापलेलं. छापील तारानकाशांच्या युरोपातल्या इतिहासाची सुरुवात याच जोडीपासून धरतात: एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा. काम तिघांचं होतं आणि दक्षिणेच्या नकाशावर तिघांचा वाटा नोंदवलेला आहे. सम्राट मॅक्सिमिलियनच्या दरबारातल्या योहानेस श्टाबियसने योजना आखली, कॉनराड हाइनफोगेलने तारे जागेवर बसवले, आणि ड्यूररने त्यांच्याभोवती आकृत्या काढल्या.

हा क्रम लक्षात ठेवा. आधी ठिपके, मग देह. ड्यूररला हर्क्युलिसचा हात हवा तिथे नेता येत नव्हता, कारण तारा आधीच येऊन बसला होता. तरीही बघा, ते देह ठिपक्यांवर ताणून बसवल्यासारखे वाटत नाहीत. पाठीचे स्नायू, पोटऱ्या, वळलेली मान, सगळ्याला वजन आहे. न्यूरेंबर्गमध्येच 1503 मध्ये हाताने काढलेला असाच एक नकाशा आहे, त्यातून या चित्राने बरंच घेतलंय. पण दोन्ही शेजारी ठेवले की ड्यूररने काय केलं ते कळतं. यादीतल्या आकृत्यांना त्याने माणसं केलं.

वर्तुळात 33 आकृत्या आहेत. 21 उत्तरेकडच्या, आणि काठाला 12 राशी. टॉलेमीच्या 48 तारकासमूहांपैकी उरलेले 15 दक्षिणेच्या नकाशात गेले. प्रत्येक ताऱ्याजवळ एक आकडा आहे, तो टॉलेमीच्या यादीतला क्रमांक. उदाहरणार्थ, मोठ्या अस्वलात टॉलेमीने 27 तारे आकृतीच्या आत मोजले आणि 8 बाहेर. आपले सप्तर्षी म्हणजे त्या अस्वलाचं मागचं अंग आणि शेपूट. (अस्वलाला एवढी लांब शेपूट कुठली, हे विचारू नका. ग्रीकांनाही त्यासाठी गोष्टी रचाव्या लागल्या.)

आता मध्यभागी बघा. तुम्ही ध्रुवतारा शोधाल. तो तिथे नाही! मध्यभागी कालेयाची, म्हणजे त्या मोठ्या सर्पाची वेटोळी आहेत. नकाशाचं केंद्र आहे क्रांतिवृत्ताचा ध्रुव, आपल्या जुन्या ग्रंथांतला ‘कदंब’. सूर्य वर्षभरात ज्या वाटेने तारकांमधून फिरतो ती वाट म्हणजे क्रांतिवृत्त, आणि नकाशाची कड म्हणजे तीच वाट. म्हणून बारा राशी काठावर बसल्यात.

असं का केलं असेल? टॉलेमीने ताऱ्यांच्या जागा क्रांतिवृत्ताच्या हिशेबाने दिल्या होत्या. त्यात मोठी सोय आहे. संपातचलनामुळे पृथ्वीचा अक्ष कदंबाभोवती सुमारे 26,000 वर्षांत एक फेरी मारतो, आणि ताऱ्यांचे रेखांश साधारण 72 वर्षांत एक अंश सरकतात. क्रांतिवृत्तावर आधारलेल्या यादीत सगळ्या ताऱ्यांच्या रेखांशांत एकच आकडा मिळवला की यादी ताजी होते. ध्रुवताऱ्याला केंद्र मानलं तर हे इतकं सोपं राहत नाही.

म्हणजे या चित्राचा सांगाडा आहे हिशेबाच्या वहीचा. हे पटलं की पुढचा उलटेपणा समजायला मदत होते.

छत्रीचा प्रयोग

एक जुनी काळी छत्री घ्या. उघडून डोक्यावर धरा आणि आतून खडूने सप्तर्षी काढा: चार ताऱ्यांचा चौकोन, तीन ताऱ्यांची शेपूट. छत्रीची दांडी जिथे कापडाला भिडते तो ध्रुव. आता प्रत्येक ठिपक्यावर सुईने भोक पाडा आणि छत्री मित्राच्या हातात देऊन बाहेरून बघा. शेपूट दुसऱ्या बाजूला गेलेली दिसेल.

आतून दिसतं ते आकाश. बाहेरून दिसतो तो ताऱ्यांचा गोल, म्हणजे जुने खगोलशास्त्री टेबलावर ठेवायचे तो तारे कोरलेला गोल. त्यावर तुम्ही सगळ्या विश्वाच्या बाहेर उभे असता. आकाशात उत्तरेकडे तोंड करून बघितलं तर राशींचा क्रम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जातो. ड्यूररच्या कागदावर तो उलट दिशेने जातो. त्याने गोलाची वरची बाजू सपाट करून कागदावर ठेवली आहे.

आणि म्हणूनच त्याच्या बहुतेक मानवी आकृत्या पाठमोऱ्या आहेत. जुन्या ग्रीक समजुतीप्रमाणे आकाशातल्या आकृत्यांची तोंडं आपल्याकडे, आतल्या बाजूला असतात. छत्रीच्या आतल्या अंगाला चिकटून माणसं आपल्याकडे बघतायत, अशी कल्पना करा. बाहेरून बघणाऱ्याला त्यांच्या पाठीच दिसणार. ड्यूरर इथे तर्काला अगदी पक्का आहे.

ही चूक होती का?

माझं पहिलं मत, रागाच्या भरातलं, ‘चूक’ असंच होतं. पण ते टिकत नाही. लाकडी ठसा नेहमी उलटा उमटतो. ठशावर डावीकडे कोरलेली गोष्ट कागदावर उजवीकडे येते. नकाशावरची अक्षरं सुलटी यायची तर ठशावर ती उलटी कोरावी लागतात. ज्या कार्यशाळेचं रोजचं पोट या उलट-सुलटावर चालत होतं, तिथल्या लोकांना डावं-उजवं कळलं नाही असं म्हणणं हास्यास्पद आहे. त्यांनी हे समजून-उमजून केलं.

मग ‘देवाच्या नजरेतून’ हे स्पष्टीकरण येतं. या प्रकारच्या नकाशांबद्दल ते बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं: माणूस आतून बघतो, देव बाहेरून, आणि कलाकाराने देवाची जागा घेतली. ऐकायला भारदस्त आहे. मीही ते वापरलं होतं. आता मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण चित्रातच आहे.

मी कापून टाकलेल्या कोपऱ्यांत चार माणसं बसली आहेत, आपापल्या देशाच्या पोशाखात, आणि नावं लिहिलेली आहेत. अराटोस, टॉलेमी, मॅनिलियस आणि आझोफी. या आझोफीला आपण अब्द अल-रहमान अल-सूफी म्हणून ओळखतो. चौघंही आकाशाचे जाणकार. आणि चौघांजवळ आहे ताऱ्यांचा गोल.

म्हणजे चित्र स्वतःच सांगतंय की तुम्ही कुठे उभे आहात. ‘आम्ही गोल हाताळतोय, मधे दिसतोय तोही गोलच आहे, फक्त सपाट केलेला.’ यात देव कुठे आला? ही विद्वानाच्या टेबलावरची नजर आहे. हे कोपरे मला सजावट वाटत होते. खरं तर ती नकाशा वाचायची किल्ली आहे. मी किल्ली कात्रीने कापून टाकली आणि मुलांच्या हातात कुलूप दिलं.

(हे पाप माझं एकटीचं नाही, एवढंच समाधान. भिंतीवरच्या पोस्टरवर, टी-शर्टवर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हे चित्र बघा. वर्तुळ देखणं आहे, म्हणून कोपरे छाटलेले बरेचदा दिसतात.)

तरीही माझी तक्रार आहे

चूक नाही, पण निवड आहे. आणि निवडीवर टीका करता येते.

ड्यूरर त्या वेळी न्यूरेंबर्गमध्ये ज्या घरात राहत होता, ते त्याने 1509 मध्ये घेतलं. त्याआधी ते बर्नहार्ड वाल्थर या निरीक्षकाचं होतं, आणि वाल्थर त्याच घरातून ग्रह-ताऱ्यांची मापं घेत असे. म्हणजे ज्या घरातून एका माणसाने रात्री जागून खरं आकाश मोजलं, त्याच घराच्या मालकाने आकाशाचं चित्र काढलं ते गोलावरून! आधीच्या मालकाच्या रात्रींचा मागमूस या कागदावर नाही. जागा टॉलेमीच्या यादीतून आल्या, आकृत्या आधीच्या नकाशातून, नजर टेबलावरून.

आणि कोपऱ्यातला अल-सूफी. सुमारे 964 साली त्याने तारकासमूहांवरचा ग्रंथ लिहिला. टॉलेमीचे तारे त्याने पुन्हा बघितले, त्यांच्या तेजाचे आकडे दुरुस्त केले, आणि देवयानीतल्या त्या पुसट ढगाची नोंद केली, ज्याला आज आपण देवयानी दीर्घिका म्हणतो. पण माझ्यासाठी त्याची सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. त्याने प्रत्येक तारकासमूहाची दोन चित्रं दिली. एक गोलावर दिसतं तसं आणि एक आकाशात दिसतं तसं. एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं, शेजारी-शेजारी.

विचार करा, किती साधा उपाय आहे. वाचक टेबलापाशी असो की गच्चीवर, दोघांचीही सोय. माझ्या त्या विद्यार्थिनीचा प्रश्न त्याने 500 हून अधिक वर्षं आधी ओळखला होता. न्यूरेंबर्गच्या कागदावर त्याला मानाने बसवलं, नाव दिलं, अरबी पोशाख दिला. पण त्याची युक्ती काही आली नाही. दोन नजरांचा माणूस एका नजरेच्या चित्रात शोभेला बसला. मला या चित्रातलं हे सगळ्यात बोचरं वाटतं, आणि ते ड्यूररच्या रेषेइतकंच बघण्यासारखं आहे.

या निवडीचे परिणाम दूरवर गेले. 1603 मध्ये योहान बायरने ‘युरानोमेट्रिया’ हा मोठा तारकापट छापला. त्याने दिशा सुधारली, नकाशे आकाशात दिसतात तसे केले. पण बऱ्याच मानवी आकृत्या पाठमोऱ्याच राहिल्या. घोळ लक्षात येतोय का? टॉलेमी एखाद्या ताऱ्याचा पत्ता ‘उजव्या खांद्यावरचा’ असा देतो. आकृती समोरून असेल तर उजवा खांदा आपल्या डावीकडे येतो. तारे तिथेच ठेवून माणूस पाठमोरा केला की त्याच जागी डावा खांदा येतो. पत्ता तोच, पण घर शेजाऱ्याचं. पुढे इंग्लंडच्या जॉन फ्लॅमस्टीडने याच कारणासाठी बायरवर टीका केली. त्याचा स्वतःचा तारकापट त्याच्या मृत्यूनंतर 1729 मध्ये आला.

हे घरी करून बघता येतं. ड्यूररचा नकाशा ट्रेसिंग पेपरवर छापा आणि कागद पालथा करून उजेडासमोर धरा. तारे आता आकाशातल्यासारखे बरोबर दिसतील. पण हर्क्युलिस अजूनही पाठमोराच, आणि त्याच्या उजव्या खांद्याचा तारा डाव्या खांद्यावर गेलेला. नकाशा उलटवणं सोपं आहे, माणूस वळवायला चित्रकारच लागतो.

आकृती बदलते, दिशा नाही

इथे कुणी म्हणेल, आकृत्या तर कल्पनाच ना? मग डावं-उजवं एवढं मनावर का घ्यायचं?

उत्तर आपल्याच आकाशात आहे. ग्रीकांच्या कथेत सिफियस राजा, कॅसिओपिया राणी, अँड्रोमिडा त्यांची मुलगी आणि पर्सियस जावई. मराठी आकाशनिरीक्षणाच्या पुस्तकांत याच ताऱ्यांना आपण वृषपर्वा, शर्मिष्ठा, देवयानी आणि ययाती म्हणतो. एका घरातली नाती गेली आणि दुसऱ्या दोन घरांतला तंटा तिथे राहायला आला. राणीच्या जागी राजकन्या, लेकीच्या जागी शुक्राचार्यांची मुलगी. काही बिघडलं का? काहीच नाही. पुण्याच्या गच्चीवरून शर्मिष्ठा शोधणाऱ्याला कॅसिओपियाची गोष्ट ठाऊक असण्याची गरज नाही.

पण दिशेला असा पर्याय नसतो. पुलहापासून क्रतूकडे रेघ ओढून पुढे नेली की ध्रुव सापडतो, शेपटीचा बाक मरीचीच्या पुढे वाढवला की स्वाती. अस्वल म्हणा, सात ऋषी म्हणा, पतंग म्हणा. शेपूट मात्र खरंच जिकडे आहे तिकडेच दाखवावी लागते. गोष्ट प्रत्येक समाजाची आपली. डावं-उजवं मात्र बघणारा कुठे उभा आहे यावर ठरतं, आणि ते चित्राने सांगायलाच हवं.

म्हणून ड्यूररच्या या नकाशाबद्दल माझं आजचं मत असं. देहांना वजन देण्यात आणि कोरड्या यादीला चेहरा देण्यात त्याच्या तोडीचं त्या काळात मी दुसरं पाहिलेलं नाही. उभं कुठे राहायचं हेही तो प्रामाणिकपणे सांगतो, फक्त कोपऱ्यात सांगतो. पण तो सांगतो ती जागा टेबलाशी आहे, अंगणात नाही. ‘उत्तर आकाशाचा नकाशा’ असं म्हणून तो कुणाच्या हातात देणार असू, तर हे आधी सांगायची जबाबदारी आपली.

प्रबंधातलं ते वाक्य मी खोडलेलं नाही. ‘हा नकाशा बाह्य दृष्टिकोनातून रेखाटलेला आहे’ याच्यापुढे आता दोन पानं वाढली आहेत, आणि त्यांची सुरुवात कोपऱ्यांपासून होते. मार्गदर्शक मॅडमनी समासात लिहिलं, “हे आधी का नव्हतं?” खरं उत्तर द्यायचं तर, तोवर मी हा कागद घेऊन आकाशाखाली उभी राहिले नव्हते.

त्याच मुलांबरोबर मेच्या अमावास्येला पुन्हा माळावर गेलो. या वेळी प्रत्येकाकडे दोन कागद होते: एक ड्यूरर, चारही कोपऱ्यांसकट, आणि एक त्याचीच उलटी प्रत. अल-सूफीची युक्ती, झेरॉक्सच्या दुकानात तीन रुपयांत. मुलांना एवढंच विचारलं, “यातला कुठला कागद इथला?” त्या मुलीने दोन्ही वर धरून पाहिले, एक दप्तरात ठेवला आणि दुसरा घेऊन स्वाती शोधायला लागली.